ब्लॅक बुकला गुण, वहीला शून्य

एम.एस्सी.चा संशोधन प्रकल्प ठेवावा की काढून टाकावा, यावर प्राध्यापकांच्या बैठकांत आणि विद्यार्थ्यांच्या कट्ट्यांवर जो वाद चालतो, त्यात दोन्ही बाजू एकाच वस्तूकडे बोट दाखवून भांडतात : काळ्या रेक्झिनच्या बांधणीतलं, सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल. एक बाजू म्हणते, ही पुस्तकं म्हणजे मागच्या बॅचच्या पुस्तकांवरची धूळ झटकून, नाव बदलून काढलेल्या प्रती आहेत. झेरॉक्सच्या दुकानात सांगाल तितक्या पानांचं पुस्तक तयार मिळतं. तेव्हा हे थोतांड बंद करा आणि त्या जागी नेट-सेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना, उपयोगी पडेल असा एखादा पेपर द्या. दुसरी बाजू म्हणते, संशोधनाशिवाय पदव्युत्तर पदवी ती कसली? नियम आणखी कडक करा, दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेलं साम्य दहा टक्क्यांच्या आत आणा, प्रत्येकाकडून एक शोधनिबंध छापून घ्या. पहिल्या बाजूचं निदान बरंचसं बरोबर आहे, पण औषध घातक. दुसऱ्या बाजूचं औषध तर रोगाच्या कारणांपैकीच एक आहे.

प्रकल्प राहिला पाहिजे, आणि सक्तीचाच राहिला पाहिजे. मात्र त्याची परीक्षा पुस्तकावरून घेणं थांबलं पाहिजे. गुण मिळावेत ते रोजच्या नोंदवहीला, कच्च्या रीडिंग्जना आणि ती रीडिंग्ज मागितल्यावर पुन्हा काढून दाखवता येतात का याला. या पातळीवर 'नवा शोध' ही अपेक्षा सरळ सोडून द्यावी. तिच्यापायीच खोटं बोलण्याची सवय लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून महाराष्ट्रात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ८८ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४, दुसऱ्यात ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४, तिसऱ्यात प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. प्रात्यक्षिक कामाचा एक श्रेयांक ३० तासांचा धरला, तर प्रकल्पाला हातात येतात ३०० तास. एवढ्या वेळात काय होऊ शकतं आणि काय नाही, हा हिशेब या वादात कोणीच मांडत नाही.

तो मांडून पाहू. सूक्ष्मजीवशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांचा लाडका विषय घ्या : अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काची जिवाणूविरोधी क्रिया. तीन द्रावकांतले अर्क, प्रत्येकाच्या चार संहती (तीव्रता), चार जिवाणू, सगळं तीन-तीनदा. ९० मिलिमीटरच्या प्लेटमधल्या आगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) अर्क भरायच्या चार-पाचपेक्षा जास्त विहिरी, म्हणजे छोटी भोकं, पाडली की त्यांच्याभोवतीची जिवाणू न वाढलेली वलयं एकमेकांत मिसळतात, म्हणून एका प्लेटवर एकच अर्क, चार संहती. झाल्या ३६ प्लेट. नुसतं द्रावक आणि माहितीतलं प्रतिजैविक यांच्याशी तुलना हवीच, त्यांच्या आणखी १२. आगरचा थर ४ मिलिमीटर ठेवायचा तर प्लेटमागे २५ मिलिलिटर लागतं, म्हणजे १.२ लिटर म्युलर-हिंटन आगर. लिटरला ३८ ग्रॅमच्या हिशेबाने ४५ ग्रॅमच्या वर पावडर. पहिल्या दिवशी माध्यम करून १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक), दुसऱ्या दिवशी जिवाणू पसरून प्लेट रात्रभर ३७ अंशांवर, तिसऱ्या दिवशी वलयं मोजायची. एका दिवशी एकाच कल्चरमधून लावलेल्या तीन प्लेट म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत. त्यामुळे हे सगळं किमान एकदा, वेगळ्या दिवशी, नव्या कल्चरने परत. झाल्या ९६ प्लेट. पानं गोळा करणं, सावलीत वाळवणं, अर्क काढणं यांचे दिवस वेगळेच. ३०० तासांत एवढं नीट बसतं. यात नव्या औषधाचा शोध बसत नाही, आणि सारांशाच्या शेवटच्या ओळीत मात्र नेमका तोच लागलेला असतो.

या कामात घसरण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. आगरचा थर जाड झाला की वलय लहान येतं. कल्चरची गढूळता ०.५ मॅकफार्लंड या प्रमाण गढूळतेशी न जुळवता 'दिसतंय तेवढं' म्हणून घेतली की आजचे आणि परवाचे आकडे जुळत नाहीत. विहिरीच्या तळाशी आगर सुटला तर अर्क खालून पसरतो आणि वलय वेडंवाकडं येतं. विहिरीचा स्वतःचा ६ मिलिमीटर व्यास मोजमापात धरला की वगळला, हे लिहायचं राहून जातं. द्रावकाची कंट्रोल प्लेट नसेल तर मिथेनॉलने मारलेले जिवाणू पानांच्या खात्यावर जमा होतात. वनस्पतीचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नोंदवून ठेवलेला नसला, तर ती वनस्पती तीच होती हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय १८ मिलिमीटरचं वलय १५ च्या वलयापेक्षा 'प्रभावी' म्हणणंही चूक, कारण प्रत्येक पदार्थ आगरमधून वेगवेगळ्या वेगाने पसरतो. यांतलं ब्लॅक बुकात काय दिसतं? जवळजवळ काहीच नाही. तिथे सरासरी आणि अधिक-उणे लावलेला सुबक तक्ता असतो. थर किती ओतला, कोणती प्लेट फेकून दिली, कोणत्या दिवशी ऑटोक्लेव्हने दगा दिला, हे असलं तर वहीत असतं. आणि वही कोणी मागत नाही.

प्रकल्प बंद करा म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा माणसांचा आणि पैशांचा आहे, आणि तो खरा आहे. पीएच.डी.साठी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी अशी मर्यादा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पांना मात्र वर्गात जितकी डोकी तितकी हजर शिक्षकांत वाटली जातात. त्या शिक्षकांतले कित्येक तासिका तत्त्वावरचे. तासाचे पैसे मिळतात, प्रयोगशाळेत विद्यार्थ्याशेजारी उभं राहण्याचे मिळत नाहीत. तालुक्याच्या महाविद्यालयात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर असला तरी त्याचा दिवा गेला की महिने जातात. नमुने आयआयटी मुंबईच्या 'सैफ' या महागड्या उपकरणांच्या केंद्रासारख्या ठिकाणी पाठवायचे तर शुल्क आणि रांग, दोन्ही आलं. अशा ठिकाणी सक्तीचा प्रकल्प म्हणजे सक्तीची नक्कल, असं कोणी म्हटलं तर रागावण्यात अर्थ नाही.

पण साधनं थोडी आहेत यावरून निघतं काय? काम साधनांच्या मापाचं घ्यावं, एवढंच. चांदीच्या नॅनोकणांचा प्रकल्प घेऊन टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) छायाचित्रासाठी चार महिने ताटकळण्यापेक्षा गावच्या पाण्याच्या विहिरी घ्या. ३० विहिरींचं पाणी ऑक्टोबरात, पावसाळा सरताना, आणि पुन्हा एप्रिलमध्ये. तिसरं आणि चौथं सत्र जणू यासाठीच आखलेलं आहे. पाण्याची कठीणता काढायला ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं रसायन), पीएच १० चं बफर आणि रंग बदलून शेवट दाखवणारं एरिओक्रोम ब्लॅक टी. वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम क्रोमेट. यातलं सिल्व्हर नायट्रेट तेवढं महाग. बायकार्बोनेट आम्लाच्या टायट्रेशनने, तेही नमुना आणला त्याच दिवशी, कारण बाटलीत ठेवलेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि आकडा सरकतो. सल्फेटला बेरियम क्लोराइडने येणारी गढूळता, सोडियम-पोटॅशियमला फ्लेम फोटोमीटर. नायट्रेटचे नमुने ४ अंशांवर ठेवून ४८ तासांच्या आत संपवायचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणतेची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. नायट्रेटला ४५, त्यात सवलत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे तर फ्लोराइडही बघायला हवं.

या विषयाचा एक गुण असा की खोटं स्वतःहून बाहेर येतं. पाणी विद्युतदृष्ट्या तटस्थ असतं, म्हणजे त्यातल्या धन आणि ऋण आयनांचा भार सारखाच भरतो. कॅल्शियमच्या मिलिग्रॅमला २० ने भागा, मॅग्नेशियमला १२ ने, सोडियमला २३ ने. तिकडे बायकार्बोनेटला ६१ ने, क्लोराइडला ३५.५ ने, सल्फेटला ४८ ने. दोन्ही बेरजा साधारण पाच टक्क्यांच्या फरकात जुळल्याच पाहिजेत. कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम २४, सोडियम ४६ असेल तर धन बाजूला आठ. बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ७१, सल्फेट ४८ असेल तर ऋण बाजूलाही आठ. शिवाय याच कॅल्शियम-मॅग्नेशियमवरून कठीणता ३०० यायला हवी, म्हणजे ५० मिलिलिटर नमुन्याला ब्युरेटमधून १५ मिलिलिटर ईडीटीए गेलेलं असलं पाहिजे. वहीत १५ च्या आसपास आहे का? घरी बसून भरलेल्या तक्त्यात एखादा आकडा पटेल असा लिहिता येतो. तीस नमुन्यांचे आठ-आठ आकडे एकमेकांशी जुळवून लिहायचे तर खरं काम केलेलं सोपं पडतं. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या परीक्षकाला हे तपासायला दहा मिनिटं लागतात. आणि १२७.३८४ अशी कठीणता लिहिलेली दिसली, तर तेवढीही लागत नाहीत. ब्युरेटवरची बारीक रेघ ०.१ मिलिलिटरची, म्हणजे ५० मिलिलिटर नमुन्याला २ मिलिग्रॅमची. दशांशानंतरचे तीन आकडे एक्सेलने दिलेले असतात, पाण्याने नव्हे.

यावर दुसऱ्या बाजूचा आक्षेप येतो : हे संशोधन कुठे झालं, हे तर लांबलेलं प्रॅक्टिकल! आक्षेप फालतू नाही. प्रॅक्टिकल आणि प्रकल्प यांच्यात फरकच नसेल तर १० श्रेयांक कशाला? फरक आहे, आणि तो उत्तर कोणाला माहीत आहे यात आहे. प्रॅक्टिकलमधल्या 'अननोन'चं उत्तर सरांच्या खिशात असतं. जर्नल सर्टिफाय होताना चुकलेलं रीडिंग खोडून बरोबर करता येतं. प्रकल्पात पद्धत माहीत असते, उत्तर कोणालाच माहीत नसतं. एका विहिरीतलं नायट्रेट एप्रिलमध्ये दुप्पट झालं, तर ते शेजारच्या गोठ्यामुळे, उसाला टाकलेल्या युरियामुळे की बाटली उन्हात राहिल्यामुळे, हे त्या विद्यार्थ्यालाच शोधायचं असतं. ही सवय एकदा हाताला लागली की नवा शोध पुढे, जमेल तेव्हा, जमेल त्याला.

विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या नजरेखाली संशोधन करायला लावण्याची प्रथा ज्या प्रयोगशाळेतून जगभर पसरली, तिथेही सुरुवात क्रांतिकारक शोधांनी झाली नव्हती. युस्टुस लीबिश १८२४ मध्ये गीसेनला गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. १८३१ मध्ये त्याने पाच फुग्यांचं एक काचेचं उपकरण केलं. पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यातल्या पोटॅशच्या द्रावणात शोषायचा आणि आधी-नंतरच्या वजनांतल्या फरकावरून कार्बन काढायचा. या उपकरणाची थोरवी ही की बेताच्या हाताच्या विद्यार्थ्यालाही भरवशाचं विश्लेषण जमू लागलं. मग देशोदेशींचे तरुण तिथे जाऊन एकामागून एक पदार्थ जाळून वजनं करत बसले. कंटाळवाणं काम! त्यातूनच पुढच्या पिढीचे रसायनशास्त्रज्ञ तयार झाले.

आपल्याकडचं उदाहरणही विसरण्यासारखं नाही. कमला भागवत, पुढच्या सोहोनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. हटून बसल्यावर वर्षभराच्या अटीवर घेतलं. अट अन्यायाची होती, यात शंका नाही. पण त्या अन्यायातून त्या सुटल्या त्या मात्र प्रयोगशाळेच्या बाकावरच्या कामाच्या बळावर. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली, तीही संशोधनाने. पुढे केंब्रिजला १९३९ मध्ये त्यांनी जो पीएच.डी. प्रबंध दिला तो जेमतेम चाळीस पानांचा होता असं सांगतात. आजच्या विभागांत एम.एस्सी.च्या पुस्तकालाही इतकी कमी पानं चालत नाहीत. ऐंशी पानं भरावी म्हणून पहिल्या प्रकरणात वनस्पतीचं वर्गीकरण, जिल्ह्याचा नकाशा आणि 'पाणी म्हणजे जीवन' येतं.

उलट बाजूचं, खरोखर नवा शोध लागल्याचं, उदाहरणही बघा. जोसेलिन बेलला केंब्रिजमध्ये पीएच.डी.साठी मिळालेला विषय क्वेसारांचा (अतिदूरच्या तेजस्वी आकाशस्थ स्रोतांचा) होता, मार्गदर्शक अँटनी हुइश यांनी आखून दिलेला. १९६७ मध्ये रेडिओ दुर्बिणीतून रोज जवळपास ३० मीटर कागद बाहेर यायचा आणि तो नजरेने वाचायचा. त्यात अर्ध्या इंचाहूनही लहान जागेतली एक खरड तिला परत परत दिसली. ती पल्सार, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणारा तारा, निघाली. तिच्या प्रबंधात पल्सार परिशिष्टात आहेत. मुख्य प्रबंध ठरल्या विषयाचाच. शोध लागला तो कच्ची नोंद इमानाने वाचल्यामुळे. (नोबेल १९७४ मध्ये गाईडला मिळालं, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

आता साम्याच्या टक्केवारीकडे येऊ, कारण कडक नियमवाल्यांची सगळी भिस्त तिच्यावर आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सादर करायला बंदी, त्यावर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यात धरत नाहीत. उचलेगिरीला आळा बसावा हा हेतू योग्यच, आणि त्याचा उपयोगही झाला. परिच्छेदच्या परिच्छेद उचलण्याची जुनी बिनधास्त पद्धत मागे पडली. पण सॉफ्टवेअर शब्द मोजतं, रीडिंग्ज मोजत नाही. प्रमाण पद्धत प्रामाणिकपणे, नेमक्या शब्दांत लिहिणाऱ्याचं पद्धतीचं प्रकरण हजारोंशी जुळणारच, कारण ईडीटीएचं टायट्रेशन कितीशा वेगळ्या शब्दांत सांगणार? त्याचे १८ टक्के येतात, आणि तो मग 'डिस्टिल्ड वॉटर'ला 'ऊर्ध्वपातित जल' करत बसतो. ज्याने एकही प्लेट लावली नाही आणि सगळा मजकूर एआयकडून लिहून घेतला, त्याचे ३ टक्के येतात. त्याच्या पुस्तकात प्रमाणपत्राच्या पानामागेच साम्य अहवाल दिमाखात बांधलेला असतो.

शोधनिबंधाच्या सक्तीचा अनुभव तर ताजा आहे. पीएच.डी.साठी प्रबंधाआधी निबंध छापण्याची अट २००९ आणि २०१६ च्या नियमांत होती. त्या काळात पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार कसा फोफावला ते विभागाविभागांत सर्वांनी पाहिलं आहे. २०२२ च्या नियमांत यूजीसीने ती अट काढली. जी चूक पीएच.डी.च्या पातळीवर कबूल झाली, ती एम.एस्सी.वर नव्याने का लादायची?

फसवणूक हा फक्त लहान गावच्या, गरीब विभागांचा रोग आहे, असाही एक समज या वादात दडलेला असतो. भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक श्योन अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये होता. तिथे ना साधनांची वाण होती ना हुशार सहकाऱ्यांची. नामांकित नियतकालिकांत त्याचे निबंध येत होते. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतला 'नॉइज' (मोजमापातली आपोआप येणारी थरथर) हुबेहूब सारखा आहे हे काहींच्या लक्षात आलं, चौकशी समिती बसली आणि २००२ मध्ये अहवाल आला. प्रयोगवह्या नीट ठेवलेल्याच नव्हत्या, कच्च्या फायली पुसलेल्या, नमुने टाकून दिलेले किंवा खराब झालेले. सहलेखक दोषमुक्त ठरले, पण इतके थक्क करणारे निकाल येत असताना ज्येष्ठांनी पुरेशी झडती घेतली होती का, हा प्रश्न अहवालाला टाळता आला नाही. २००४ मध्ये कोन्स्टान्झ विद्यापीठाने त्याची डॉक्टरेट काढून घेतली. छापलेलं पान कितीही देखणं असलं, तरी त्यामागे वही आहे का हे एका माणसाने वेळेवर विचारायचं असतं. तेच गाईडचं काम. पुस्तकातले काना-मात्रा सुधारणं हे त्या मानाने दुय्यम, आणि ते आता यंत्रही करतं.

त्यामुळे गाईडकडे वेळ थोडा असेल तर तो शेवटच्या महिन्यात ऐंशी पानं वाचण्यात घालवू नये; आठवड्याला विद्यार्थ्यामागे पंधरा मिनिटं द्यावीत आणि आलेख बघण्याआधी वही मागावी. वही बांधीव, पानांना आधीच क्रमांक घातलेले, शाईने लिहिलेली. चुकलं तर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, व्हाइटनर नाही. रसायनाचा बॅच क्रमांक, ईडीटीए प्रमाणित केल्याची तारीख, फसलेले दिवससुद्धा. यंत्रातून निघालेला कागद चिकटवून त्याच्या कडेवर अर्धी वहीवर, अर्धी कागदावर येईल अशी सही. त्या आठवड्याच्या शेवटच्या नोंदीखाली गाईडची तारखेसह सही, म्हणजे एप्रिलमध्ये बसून ऑक्टोबरचं काम लिहिता येत नाही. पद्धतीचं प्रकरण काम चालू असतानाच लिहून होतं, मग तक्ते, मग निष्कर्ष. प्रस्तावना आणि सारांश सर्वांत शेवटी. बहुतेकजण प्रस्तावनेपासून सुरू करतात, कारण तीच नकलायला सोपी.

वर्गातल्या पाचजणांनी एकाच तालुक्याच्या विहिरी वाटून घ्याव्यात आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या तीन विहिरी न सांगता पुन्हा तपासाव्यात. आकडे जुळले नाहीत तर ते पुस्तकात तसंच लिहावं आणि त्याचे गुण कापू नयेत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा त्यांतले चाळीसही धड टिकले नाहीत. पुन्हा करून बघणं कमी प्रतीचं काम असतं, तर हा निकाल जगाला इतका झोंबला नसता.

राहिला एक्स्टर्नलचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाचा, प्रश्न. एका दिवसात पंधरा-वीस व्हायवा, मध्ये जेवण, संध्याकाळची गाडी. वह्या कधी बघणार? सबंध बघायच्याच नाहीत. पुस्तकातल्या तक्ता क्रमांक ४ मधली सतराव्या विहिरीची ओळ निवडायची आणि म्हणायचं, याचं पान काढ. पान निघालं तर ब्युरेटची सुरुवातीची आणि शेवटची रीडिंग्ज, त्या दिवशीची ईडीटीएची ताकद, तिथून ३०० पर्यंतचा हिशेब, परीक्षकासमोर, कोऱ्या कागदावर. मग विभागाच्या फ्रिजमधली त्याच विहिरीची राखून ठेवलेली बाटली, ५० मिलिलिटर पिपेटने, आणि एक टायट्रेशन. राखलेल्या पाण्यात थोडा चुना खाली बसलेला असू शकतो, त्यामुळे आकडा थोडा कमी आला तर हरकत नाही. तो कमी का आला असेल, हाच दुसरा प्रश्न.